घोंगड्या निघाल्या सातासमुद्रापार

आमच्या खर्ड्याच्या टापूत सरकारी साहेबांना हातोहात बनवण्याची विद्या कुणी आणली, असं विचाराल तर छातीवर हात ठेवून सांगतो, मी! एकाहत्तर साली जादा जमीन सरकारजमा होणार अशी हूल उठली आणि मी अख्ख्या गावाला कवायतच शिकवली. माळावर जीपची धूळ दिसली, की शेजारच्या सहादेवनं देवळातली घंटा बडवायची. घंटा झाली की म्हशी ओढ्यात, पोती कडब्याच्या गंजीत आणि बायका ठिगळाच्या लुगड्यात! गाव असं कंगाल दिसायचं, की एक साहेब जाताना स्वतःची छत्री दान करून गेले.

त्याच साली माझ्या डोक्यात धंदा शिरला. घोंगड्यांचा! घरचेच आठ माग होते. घोंगडी अशी, की तिच्याखाली पौषात आंबे पिकावेत! म्हटलं, जिथं बारा महिने बर्फ पडतो त्या देशात जाऊन दुकान टाकायचं. (देशाचं नाव सांगत नाही. उगाच दोन सरकारांत वाकडं नको.)

पण तिथं धंदा करायचा तर वेगळा व्हिसा लागतो. तो देण्याआधी त्यांच्या मुंबईच्या कचेरीतला माणूस येऊन बघतो, गड्याजवळ भांडवल आहे की नुसत्या गप्पा. गप्पा तर होत्याच. पण भांडवलही होतं, देवाशपथ!

साहेब गुरुवारी यायचे ठरले. दृष्ट लागू नये म्हणून मी फक्त रज्जाकभाई शिंप्याला सांगितलं, तेही सूट शिवायचा होता म्हणून. बायकोला चकार शब्द नाही! मुक्ताबाईच्या कानात घातलेली गोष्ट दिवस मावळायच्या आत जामखेडला पोचते.

गुरुवारी सूट चढवला, हार घेतला, ताशेवाले घेतले, शिवण उसवलीच तर म्हणून रज्जाकभाईंना घेतलं आणि खर्ड्याच्या स्टँडवर जाऊन बसलो. एक एसटी आली, गेली. दुसरीतून कोंबड्या उतरल्या. आणि साहेब? साहेब दुसऱ्या वाटेनं, जीपनं, थेट गावात!

जीप! टाय! हातात कागद! आणि माझ्याबद्दल पहिलाच सवाल, "आप्पासाहेबांची मालमत्ता किती?"

सहादेवनं घंटा अशी बडवली, की मला स्टँडवर ऐकू आली. मला वाटलं, कुणाचा तरी नवस फिटला!

शेवटी कंटाळून ताशासकट परत आलो. बघतो तर ओसरीवरून आठही माग गायब! त्यांची लाकडं चुलीपाशी सरपणात रचलेली. ठिगळाच्या लुगड्यातली मुक्ताबाई साहेबांपुढे बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा ठेवत होती आणि सहादेव गहिवरून सांगत होता, "लई हाल हायेत साहेब. ह्या घरात पांघरायला चिंधी न्हाई. थंडीत नवराबायको चुलीच्या राखंत पाय घालून निजत्यात!"

"सहादेवा, गप!" मी ओरडलो. "साहेब, मीच आप्पासाहेब! आठ माग हायेत माझे! ढीगभर घोंगड्या हायेत!"

साहेब दचकले. "बाई, हे कोण?"

"मालक हायेत माझे." मुक्ताबाईनं हुंदका दिला. हुंदकाही मीच शिकवलेला! "उपासानं असं बडबडत्यात. काल म्हनले, मी संस्थानिक हाय."

"आणि हा सूट?"

"मागून आनलाय," सहादेव म्हणाला. "त्यो बघा, शिंपी परत न्यायला मागंच हुबा हाय!"

"रज्जाकभाई, सांगा की खरं!"

"साहेब, आठ माग आहेत, अल्लाकसम!"

"कुठे आहेत?"

रज्जाकभाईंनी सगळीकडे नजर फिरवली आणि बारीक आवाजात म्हणाले, "सकाळपर्यंत होते."

आता घोंगड्या दाखवल्याशिवाय सुटका नव्हती. त्या कडब्यातच असणार! मी गंजीकडे धाव घेतली. पहिली पेंढी उपसतोय तोच चौघा गड्यांनी मला मिठी मारली. "आप्पा, कडबा खाऊ नगा! आमी भाकर देतो की!"

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. स्वतःचा जेवणाचा डबा मुक्ताबाईच्या हातात दिला आणि जीप गेली.

"वाचवलं का न्हाई तुमाला?" सहादेवनं माझ्या पाठीवर थाप मारली. "एक घोंगडी दिसू दिली न्हाई!"

मी खरी हकीकत सांगितली. मग मुक्ताबाईलाच पहिलं हसू फुटलं आणि सगळं गाव पोट धरून लोळलं! रागावणार कुणावर? इतकी सफाईदार कवायत आजवर झाली नव्हती. मास्तर म्हणून मला तर भरूनच आलं!

पुढं काही महिने व्हिसाचं भिजत घोंगडं. मग एक दिवस त्या देशातून भलंथोरलं पार्सल आलं. मी सूट चढवला, ताशेवाले बोलावले. व्हिसा एवढा मोठा असतो? फोडलं, तर आत लोकरीची ब्लँकेटं! वर चिठ्ठी. शाळेतल्या गुरुजींनी वाचून दाखवली, "थंडीत कुडकुडणाऱ्या आपल्या कुटुंबास, आमच्या महिला मंडळाकडून सप्रेम."

मी ती खर्ड्याच्या बाजारात नेली. दुपारच्या आत साफ! तेव्हा परदेशी मालाचा व्यापारी होतो असं मी चारचौघांत सांगतो, त्यात काडीइतकंही खोटं नाही.

एक ब्लँकेट मात्र मुक्ताबाईनं ठेवून घेतलं. हे लिहितानाही तेच पांघरून बसलोय. घोंगडी होय? ती म्हशीवर टाकलीय. टोचते हो फार!