आमच्या फौंड्रीतले गट्स

धैर्य आपल्याकडे पूर्वीपासून होतं. गट्स मात्र उदारीकरणानंतर आले. धैर्य कुणी मोजत नसे. गट्सचं मूल्यमापन करावं लागतं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीने ते २००५ साली सुरू केलं. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकांनी आधी शब्दार्थ सांगितला. गट्स म्हणजे आतडी. आपलं धाडस काळजात असतं, इंग्रजाचं त्याखाली वीतभर. (मी शास्त्र शाखेचा, म्हणून पडताळलं. अर्थ बरोबर आहे. आतडी सात-आठ मीटर लांब. धाडस नेमकं कुठे साठतं, ते पुस्तकात नाही.) हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘ओतणे’ या क्रियापदावरून आला असावा, असंही ते म्हणाले. आमचा धंदाच लोखंड ओतण्याचा. मालकांचे डोळे पाणावले.

मग दहापैकी गुण ठरले. भट्टीजवळ हेल्मेटशिवाय उभं राहणं : दोन. तापात कामावर येणं : तीन. शंका असताना सही करणं : पाच.

प्राची मगदूम तपासणी विभागात प्रोबेशनवर होती. कायम व्हायला तिला सहा गुण हवे होते. ब्रेक ड्रमवर हातोडीने टोला मारून आवाज ऐकायचा, हे तिचं काम. चांगला ड्रम घंटेसारखा वाजतो. तडा गेलेला, बद्द. मार्चअखेरीस, टार्गेट तोंडावर असताना, तिने अख्खी ट्रॉली अडवली.

“मामा, हे सगळे बद्द वाजायलेत.”

“तुझं कानच बद्द हाईत,” सुपरवायझर सयाजीराव गरजले. “ट्रक गेटात हुबा हाय. गट्स हाईत का न्हाईत गं तुझ्यात? मार सही!”

“तुमच्यात हाईत न्हवं? मग तुम्हीच मारा की.”

सयाजीरावांनी मारली. त्यांना पाच गुण मिळाले. प्राचीला शून्य, आणि ‘अति सावध’ असा शेरा. (फौंड्रीत याहून वाईट शेरा नाही.) एप्रिलमध्ये तिला घरी पाठवलं. तिच्या जागी आलेला गृहस्थ हातोडी उचलतच नाही, नुसत्या नजरेने पास करतो. त्याला दहापैकी दहा आहेत.

ते ड्रम कोणकोणत्या गाड्यांना बसले, सांगता येणार नाही. मलकापूर सोडून तुम्ही आंबा घाट उतरायला लागाल, तेव्हा ब्रेकवर पाय ठेवालच. ठेवण्यापूर्वी तुम्ही कुणाला काही विचारत नाही. त्याच भरवशावर आमचा माल निघतो.