टेप घेऊन येणारे नाना

आमच्या लेआउटमध्ये वास्तुशांत असली की भटजींच्या आधी नाना हजर होतात. हातात नारळ नाही, टेप. कुंपणापासून घराच्या पहिल्या भिंतीपर्यंत ती धरायची, तीन मीटर भरले की मगच चपला काढायच्या. मग तोंडभर हसून, "घर बरोबर बसला. वाढा आता जेवायला!"

शहापूर-मुरबाड रस्त्यालगत शेतं मोडून प्लॉट पडले, त्यात एका रांगेत आमची अकरा घरं. शेवटचं नानांचं, त्याला लागून माझं. घरासमोर तीन मीटर जागा मोकळी सोडायची, हा नियम बाकीच्यांना परवानगी मिळेपर्यंत आठवला. नानांना तो पाठ. त्यांनी नोकरीभर भातसानगरला धरणाच्या पाण्याची पातळी वाचून वहीत लिहिली. "मापात इंच चुकला की तिकडं मुंबई कोरडी," हे त्यांचं पालुपद.

माझ्या गाडीचं नाक, शेजारच्या वहिनींची रांगोळी, काहीही मोजतात. एकदा हळदीच्या मांडवाचा खांब मोजला. नवरदेव पाटावर पिवळाधमक बसलेला आणि हे त्याच्या पायाशी ओणवे. "तात्पुरता हाय, चालल," असा निकाल लागल्यावर बँजो सुरू झाला. तुळशीला मात्र कायमची सूट. "ती काय बांधकाम हाय? ती घरातली बाई हाय."

लोक हसतात. मला हसू येत नाही. म्हशाच्या जत्रेत बैलांचे सौदे करत मी वर आलो. आज सिमेंट-पत्र्याचं स्वतःचं दुकान आहे. घर बांधताना पोर्च हातभर पुढे घेतला, तर या माणसानं माझ्याविरुद्ध अर्ज दिला आणि मला तो तोडावा लागला. त्या दिवशी मी कुंपणाशी उभा राहून नानांना माझ्याकडच्या सगळ्या शिव्या दिल्या. ते तोडणाऱ्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले. मला म्हणाले, "शिव्या बरोबर हायत शेठ. पोर्च चुकला."

यंदा नियम बदलला. पुढचं अंतर तीनवरून दीड मीटर झालं. बाकीच्यांना घर वाढवायची हौस नव्हती, मी मात्र पेढे वाटले आणि दुसऱ्याच सकाळी पुढच्या खोलीचा नकाशा घेऊन नानांकडे गेलो. त्यांचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं.

"बसा," म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. ओट्यावर एकच खुर्ची. बसलो. तिथून रांगेतली दहाही दारं एका नजरेत दिसत होती.

चहा घेऊन आले ते बोलतच. "तिसऱ्या घरातली पोर निघली बघा कॉलेजला. डबा इसरली असल. परत येल."

पोर कोपऱ्यापर्यंत गेली आणि कपाळावर हात मारून परतली.

"पाचव्यातली आजी रेंजसाठी भायेर येते. आज लवकर आली, म्हंजे लेकीचा फोन हाय."

"तुम्हाला टीव्ही नाही का हो?"

"बायको गेल्यावर घेतला. पण त्यातली मानसं वळखीची नाय." मग त्यांनी बोटानं हवेत एक रेघ ओढली. "तुमची भिंत इथवर येल."

त्या रेघेपलीकडे दहाही दारं होती. मी नकाशाची गुंडाळी केली.

"अर्ज देणार असाल ना?"

"नाय. नियम झाला, मंग झाला. बांधा तुमी."

समोरचा भावच करत नाही म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. "अहो, भांडा की! नाही कसलं म्हणता!"

"कागदाशी काय भांडायचा शेठ?"

मग मीच ओरडलो. "खोली रद्द! नुसता ओटा घालतो. वर पत्रा, भिंत नाही. चार खांब!"

नानांनी बशीत फुंकर मारली. "दोन."

"पत्रा उडून मुरबाडला जाईल! तीन."

"तीन. पण मधला बारीक."

इतका तोट्याचा सौदा मी जन्मात केला नव्हता. तणतणत उठलो, तर नाना आतून स्टूल घेऊन आले आणि खुर्चीशेजारी मांडून स्वतः त्यावर बसले.

"जाता कुठं? बसा. नवव्यातले मास्तर आता स्कूटरला लाथा घालतील. ते बघूनच जावा."