मरळीने टाचण वाचलं नव्हतं

टाचण

शामलाच्या वहीचं पान उभं दुभागलेलं होतं. डावीकडे 'शिक्षककृती', उजवीकडे 'विद्यार्थीकृती'. बी.एड. कॉलेजचा नियमच तसा. पाठ घेण्याआधी पाठात काय काय होणार ते सगळं लिहायचं आणि त्यावर सही आणायची. मुलं काय उत्तरं देतील, तेही. मुलांना आनंद कधी होईल, तेसुद्धा.

इयत्ता नववी. विषय शास्त्र. घटक: परिसर आणि अन्नसाखळी. सराव पाठ शेवटचा.

आधीच्या दोन पाठांवर लाल शाईत 'पुन्हा घ्या' असा शेरा पडला होता. तिसऱ्यांदा तोच पडला तर शामलाला वार्षिक परीक्षेला बसता येणार नव्हतं. अख्खं वर्ष पाण्यात. मागच्या पाठाला तिने पाच तक्ते नेले होते. त्यातले तीन भिंतीवरून पडले आणि चौथा थेट निरीक्षक यमुताईंच्या डोक्यावर पडला. चष्मा सरळ करत यमुताई म्हणाल्या होत्या, "साधन एकच आणा. पण जिवंत आणा."

साधन

म्हणून जानेवारीतल्या त्या सकाळी सात वाजता शामला सक्करदऱ्याच्या तलावावर काचेची मोठी बरणी घेऊन उभी होती. जाळं झटकणाऱ्या देवरावांना तिने टाचण वाचून दाखवलं.

"शेवाळ. डासांच्या अळ्या. लहान मासे, सहा. मोठा मासा, एक."

"अन् हे सारं एकाच बरणीत?"

"हो. साधन एकच पाहिजे."

देवरावांनी बरणीत अळ्यांसकट हिरवं पाणी भरलं आणि सहा चिमुकल्या मासोळ्या टाकल्या. मग वीतभर मरळ उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली.

"पोरी, हे मरळ आहे वं."

"माहीत आहे काका. तृतीय भक्षक."

"काय म्हन्ते?"

"तृतीय भक्षक. पुस्तकात आहे."

"पुस्तकात असन. पन इले भूक लागते."

"साडेबारापर्यंतच ठेवायची आहे. मग परत आणून देते."

"ठेव बाप्पा. तुमी शिकलेले लोक," देवराव म्हणाले आणि मरळ बरणीत सोडली.

प्रस्तावना

टाचणात: शिक्षिका बरणीवरचे ओले फडके बाजूला करतील. विद्यार्थी आनंदित होतील.

वर्गात: शिपाई चंपतरावांनी बरणी हात लांब करून, मान दुसरीकडे वळवून आणली आणि टेबलावर ठेवली. मागच्या बाकावर यमुताई पेनाचं टोपण काढून बसल्या. शामलाने फडकं उचललं आणि बरणीकडे न बघता पाठ केलेला प्रश्न विचारला.

"सांगा पाहू, बरणीत एकूण मासे किती?"

टाचणात: सात.

"एक," गोपिका म्हणाली. ती पहिल्या बाकावर बसायची आणि तिला सगळं मोजायची सवय होती.

"नीट मोजा."

"नीटच मोजलं मॅडम. एक. आमी मोजून होईपर्यंत दुसरा कुठून येईन?"

शामलाने बघितलं. हिरव्या पाण्यात मरळ एकटीच होती. निवांत. सकाळपेक्षा अंगाने थोडी भरलेली.

पुढचे अकरा प्रश्न सातावर आधारलेले होते.

विषयप्रतिपादन

"सहा होत्या अजून," शामला पुटपुटली. तिच्या तोंडून तेवढंच निघालं.

वर्गाने मात्र ते ऐकलं होतं. मग वर्गाने दाराकडे बघितलं. दारात चंपतराव.

"चंपतराव," मागून नत्थूने विचारलं, "कशा झाल्या होत्या गा? तिखट का फिक्या?"

"कोन बोल्ला बे?" चंपतराव सरळ आत आले. गळ्यातली तुळशीची माळ त्यांनी बोटाने वर उचलून सगळ्यांना दाखवली. "वीस वर्षं झाले, कंठी घालून राहिलो मी! मासोळीचा वास आला तं आंघोळ करतो! अन् मले चोर म्हन्ता? चला साहेबाकडे!"

कोणी गेलं नाही. तेच गेले आणि मुख्याध्यापक मनोहररावांना घेऊन आले. मनोहररावांना शिकवण्यापेक्षा चौकशी करण्याची आवड अधिक होती. त्यांनी शामलाची खुर्ची ओढली, तिच्या टाचणाची वही उपडी केली आणि तिच्या मागच्या पानावर 'जबाब' असं लिहिलं.

यमुताई मागे काहीतरी लिहीत होत्या. शामला फळ्याला टेकून उभी होती. वर्ष गेलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

"बरणी कुठे होती?"

"स्टाफरूममधी. झाकलेली," चंपतराव म्हणाले.

"मांजर आलं असेल."

"नाई सर," गोपिका उठली. "मांजर असतं तं पानी सांडलं असतं. टेबल कोरडा होता ना चंपतराव?"

"कोरडाच होता. खोटं काहून बोलू?"

"मग माणूस," मनोहरराव म्हणाले आणि लिहू लागले.

"मानूस कसा सर?" आता नत्थूलाच राहवेना. "मानूस सहा लहान चोरन अन् मोठी सोडून देईन? असा कसा चोर, बे?"

मग पन्नास जणांनी एकदमच बरणीकडे बघितलं. मरळीने तोंड उघडलं, मिटलं.

"अरे बाप्पा," मनोहरराव म्हणाले. "गुन्हेगार आतच आहे!"

"पन सर, मॅडमच्या वहीत अळ्याबी लिहिल्या आहेत," गोपिका टेबलाजवळ येऊन म्हणाली. "अळ्या कुठं आहेत?"

"तेबी मरळीनंच खाल्ल्या असन," नत्थू म्हणाला.

"हट! एवढी मोठी मरळ अळ्या वेचत बसते का? अळ्या मासोळ्यांनी खाल्ल्या. मासोळ्या हिनं." तिने कोणाला न विचारता खडू उचलला आणि फळ्यावर बाण काढला. नत्थूने जाऊन त्याला दुसरा बाण जोडला.

"अन् अळ्या काय खात होत्या?" गोपिकाने विचारलं.

"हे हिरवं पानी!" वर्ग ओरडला.

फळ्यावर साखळी पुरी झाली. मनोहररावांनी 'चौकशी समाप्त' लिहून खाली सही केली. नत्थूने चंपतरावांची माफी मागितली. चंपतरावांनी ती दोनदा मागायला लावली, कारण पहिल्यांदा मागच्या बाकांना ऐकू गेली नव्हती.

शामलाने बरणीकडे बघितलं. मग तिच्या तोंडून एक प्रश्न निघाला. वहीत नसलेला, आणि थेट तिच्या कुही गावच्या, घरच्या बोलीतला.

"मंग आता हे काय खाईन?"



"काईच नाई," नत्थू म्हणाला. "सारं संपवलं तिनं. आता तेबी मरन."

"एक मरळ जगायले किती मासोळ्या लागत असन मॅडम? पुऱ्या तलावात?" गोपिकाने विचारलं.

"मलाही माहीत नाही," शामला म्हणाली.

घंटा झाली. कोणी उठलं नाही.

मूल्यमापन

वर्ग रिकामा झाल्यावर यमुताईंनी टाचण आणि आपला कागद शेजारी शेजारी ठेवले.

"तुमच्या टाचणातलं एकही वाक्य आज घडलं नाही."

"हो मॅडम."

"विद्यार्थी आनंदित होतील, असं लिहिलंय. त्याऐवजी शिपाई रागावला."

"हो मॅडम."

"आणि वीस मिनिटं तुम्ही बोललाच नाहीत." यमुताईंनी लाल पेन शेऱ्याच्या चौकटीवर धरलं. "उत्तीर्ण लिहायला माझी हरकत नाही. एक अट. शुक्रवारी प्राचार्यांसमोर हाच पाठ आदर्श पाठ म्हणून घ्यायचा. हीच मरळ, हीच बरणी. मरळ इथेच ठेवा. दोन दिवस काही घालू नका, म्हणजे वेळेवर खाईल."

तेवढ्यात खिडकीबाहेर गलका झाला. नववीचा अख्खा वर्ग फाटकाकडे निघाला होता. पुढे बरणी धरून गोपिका, आणि तिचा पाय अडखळला की "सांभाळ वं!" म्हणून ओरडणारे बाकीचे एकोणपन्नास जण.

"हे काय? कुठे चाललेत?"

"तलावावर. मरळ सोडायला. साडेबारापर्यंत परत देते, असं तिथल्या मासेवाल्या काकांना सांगितलं होतं मी."

"थांबवा त्यांना!"

शामलाने खिडकीबाहेर बघितलं. मग यमुताईंच्या हातातल्या लाल पेनाकडे.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "तो त्यांचा गृहपाठ आहे."

पेन चौकटीवर तसंच राहिलं. बाहेरचा गलका फाटकापलीकडे गेला. यमुताईंनी कागदावर दुसरी चौकट शोधली. 'पाठाचा कालावधी' असं तिथे छापलेलं होतं आणि पुढे चाळीस मिनिटं. त्यांनी चाळीस खोडलं.

"किती लांब आहे तलाव?"

"दहा मिनिटं. भरभर चाललं तर सात."

"चला मग," यमुताई उठत म्हणाल्या. "किती मासोळ्या लागतात, ते तुमच्या त्या मासेवाल्या काकांना तरी माहीत असेल."

चालता चालताच त्यांनी शेऱ्याच्या चौकटीत 'उत्तीर्ण' लिहिलं. कालावधीची चौकट त्यांनी रिकामीच सोडली.