तलावाआधी कुंपण

त्या दिवशी मी बादलीत पाय सोडले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं माझं अजूनही प्रामाणिक मत आहे. (माझी बायको व्हर्ना हिचं मत वेगळं आहे. तिच्या मते मी तोंड उघडलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.)

ऑक्टोबर होता. ब्रिस्बेनच्या बाहेर आमच्या वस्तीत उन्हाळा जरा लवकरच येतो आणि आला की मागच्या दाराची मूठ धरायलाही फडकं लागतं. मी परसात खुर्ची टाकून, बादलीत पाय बुडवून बसलो होतो. कुणालाही उद्देशून नव्हे, आपलं सहजच बोलून गेलो, "ही बादली जरा मोठी असती तर काय बहार आली असती!"

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बोलण्याआधी ती खिडकी बघायची सवय मला काही लागली नाही.

"केवढी मोठी?" आतून आवाज आला.

रात्रीच्या जेवणापर्यंत ती बादली घराइतकी लांब झाली होती आणि तिचा रंगही ठरला होता. निळा.

लगेच डार्विन शहरात टॅमसिनला फोन गेला. टॅमसिन म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. ती नाताळला येणार होती आणि बरोबर मेबलला आणणार होती. मेबल आमची नात. आम्ही तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती पालथी पडायला शिकत होती. आता ती धावते, चढते आणि सापडत नाही, असं फोनवर कळायचं.

"पोहण्याचा तलाव? आपल्या घरी?" टॅमसिन ओरडली. मग एकदम तिचा आवाज आईचा झाला. "बाबा, कुंपण असेल ना? पक्कं? नसेल तर सांग, आम्ही हॉटेलात उतरू. मेबल त्या घरात पाऊलसुद्धा टाकणार नाही."

"कुंपण?" मी म्हणालो. "अगं, कुंपण काय, ते मी करीन."

व्हर्नाने माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसाने लावलेली फळी मांजर बसल्यावर खाली येते, त्या माणसाकडे बायको जशी पाहील, तसं.

पण माझ्या आत्मविश्वासाला कारण होतं. मी नगरपालिकेत कारकून आहे आणि तोही नियमभंगाच्या खात्यात. कुणाचा कुत्रा भुंकतो, कुणाचं गवत वाढलं, कुणाच्या तलावाला कुंपण नाही, या सगळ्यांना जी कडक नोटीस जाते, तिचा मजकूर माझा असतो. कुंपणाचे नियम मला तोंडपाठ होते. आता नियम पाठ असणं आणि खांब सरळ उभा करणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या वयात कुणीतरी सांगायला हवं होतं. (व्हर्नाने सांगितलं होतं.)

तलाव आला तो आकाशातून. म्हणजे फायबरची तयार निळी टाकी आली आणि घराच्या बाजूने जायला वाट नव्हती म्हणून क्रेनने ती छपरावरून परसात न्यायची ठरली. सगळी गल्ली खुर्च्या घेऊन बघायला बसली. आमचा शेजारी स्पिरो, मूळचा ग्रीक, कुठल्याही गोष्टीचं मत त्याच्याकडे तयार असतं. तो सामाईक कुंपणावर कोपरं टेकून उभा होता. छपरावर ती टाकी वाऱ्याने गिरकी घ्यायला लागली तेव्हा तो म्हणाला, "लिंझी, लेका, लोक घरावर छप्पर घालतात. तू छपरावर तळं घालतोयस."

टाकी उतरली. जाताजाता कपडे वाळत घालायचा फिरता खांब आणि त्यावरच्या माझ्या ऑफिसच्या पँटी तेवढ्या तिने बरोबर घेतल्या. खड्ड्यात बसली मात्र अशी छान की व्हर्नाने चक्क माझा हात धरला. तो क्षण मी जपून ठेवला आहे. पुढे बराच काळ त्यावरच भागवायचं होतं.

टाकी बसवणाऱ्यांचा मुकादम म्हणाला, "आमचं तात्पुरतं कुंपण लावून जातो. म्हणजे लगेच भरता येईल."

"कशाला?" मी म्हणालो. "ह्याच शनिवार-रविवारी मी पक्कं कुंपण घालतोय."

"मग भरू शकत नाही आम्ही. पाणी नडगीच्या वर गेलं की कुंपण हवंच."

"नियम मला सांगू नका," मी हसून म्हणालो. "ते मी लिहितो."

तो काहीतरी आणखी सांगत होता. रिकामी ठेवू नका, पावसात तर नकोच, असं काहीसं. पण मी त्या वेळी माझ्या पँटी शोधत होतो.

शनिवार-रविवार आला आणि गेला. त्याच्या मागून आणखी काही आले आणि गेले. आमच्याकडची माती वाळली की वीट आणि भिजली की डिंक. कुदळ घातली की कुदळ तरी तुटायची नाहीतर सुटायचीच नाही. जे खांब उभे राहिले त्यांतलं कुणीही कुणाशी सहमत नव्हतं. स्पिरो रोज संध्याकाळी कॉफीचा कप घेऊन यायचा आणि एक डोळा मिटून बघायचा.

"तो तिसरा खांब दारू पितो का रे?" एकदा त्याने काळजीने विचारलं.

आणि मग ते वादळ आलं. दुपारी आकाश हिरवं झालं, गारा पडल्या आणि पाऊस असा कोसळला की समोरचं घर दिसेना. तासाभरात ऊनही पडलं. मी परसात गेलो तर तलावात कंबरभर पाणी!

दुसरा कुणी खूश झाला असता. मी मात्र गारठलो. कंबर म्हणजे नडगीच्या कितीतरी वर. आणि कुंपण म्हणजे पाच वाकडे खांब. ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर मर्व्ह टकवेल बसतो. तो तलावांचा तपासनीस. मी लिहिलेली नोटीस घेऊन मर्व्ह माझ्याच दारात उभा आहे आणि माझाच मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवतोय, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. मी धावत जाऊन भाड्याने पंप आणला.

"थांब जरा," व्हर्ना म्हणाली. "त्या मुकादमाने रिकामं ठेवण्याबद्दल काहीतरी म्हटलं होतं."

"व्हर्ना, कायदा म्हणजे कायदा."

"अरे, पण पाणी काढून टाकणार कुठे?"

"हे काय, इथे हिरवळीवर. बागेलाही पाणी होईल."

(इथे थोडं विज्ञान. ते मला नंतर, ओरडून, समजावण्यात आलं. रिकामी टाकी म्हणजे होडी. होडीभोवतीच्या मातीत पाणी भरलं की होडी काय करते, हे लहान मुलालाही कळतं. मी होडी रिकामी करत होतो आणि तेच पाणी तिच्याभोवती ओतत होतो.)

तळ कोरडा झाला. मी पंप बंद केला आणि चहाचा कप तोंडाला लावला, तोच परसातून एक आवाज आला. म्हातारा माणूस खुर्चीतून उठताना करतो तसा, लांबलचक. मग फरश्यांचा कडकड. मग सगळं शांत.

त्या शांततेत स्पिरोचा आवाज आला, अगदी हळू, अदबीने. "लिंझी, बाहेर ये. तुझं तळं तुला भेटायला आलंय."

तलाव जमिनीबाहेर आला होता. एक टोक माझ्या छातीइतकं वर आणि दुसरं खड्ड्यातच. मोठं जहाज बुडताना दिसतं ना, अगदी तसं, फक्त उलट्या दिशेने. माझे पाचही खांब त्याने उपटून टाकले होते. त्यांच्यात एकमत असं पहिल्यांदाच झालं होतं, सगळे आडवे होते.

व्हर्ना दारात आली, तिने पाहिलं आणि आत गेली. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने आत जाऊन मेबलसाठी आणलेला छोटासा पिवळा पोहण्याचा पोशाख घडी करून कपाटात ठेवला. मी तो आवाज ऐकला. कपाटाच्या दाराचा, एवढासा. त्या आवाजाने मला जेवढं लागलं तेवढं तलाव अंगावर पडला असता तरी लागलं नसतं.

माणसं परत आली, क्रेन परत आली, गल्लीतल्या खुर्च्याही परत आल्या. मुकादम मला पाहून एवढंच म्हणाला, "नियम तुम्हीच लिहिता ना?" या वेळी तात्पुरतं कुंपण त्याने मला न विचारताच लावलं आणि तलाव काठोकाठ भरून दिला. मीही इरेला पेटलो. तयार लोखंडी जाळ्या आणल्या, नवे खांब काँक्रीटमध्ये रोवले, फाटक लावलं. नाताळ तोंडावर आला होता. मी मर्व्हला तपासणीला बोलावलं.

मर्व्ह आला तो अनोळखी माणसासारखा. रोज माझ्या डब्यातलं सँडविच अर्धं खाणारा हा माणूस मला "श्री. पोकॉक" म्हणाला.

"श्री. पोकॉक, ही मांस भाजायची शेगडी कुंपणाला लागून आहे. मूल चढेल."

"मर्व्ह, तापलेल्या शेगडीवर मूल चढेल?"

"गार असताना चढेल. ही कुंडीही नको. आणि हे लिंबाचं झाड?"

"ते झाड आहे रे. त्याला काय सांगू, मागे सरक म्हणून?"

"फांद्या तोडा. शेजारच्या द्राक्षवेलीचा मांडवही इकडे आलाय."

"माझ्या मांडवाला हात लावायचा नाही!" पलीकडून स्पिरो गरजला. "तो माझ्या आईच्या गावाहून आलाय!"

मी हसणार होतो, पण मर्व्ह फाटकापाशी जाऊन थांबला होता. त्याने बोटाने फाटक हलकेच ढकललं. ते आत उघडलं, तलावाकडे, आणि विचारात पडल्यासारखं अर्ध्यावर थांबलं. मिटलं नाही.

"लिंझी," तो म्हणाला. आता तो पुन्हा माझा मित्र झाला होता. "हे उलटं लागलंय रे. बाहेर उघडायला हवं आणि आपोआप मिटायला हवं. खटका नीट लागला नसेल आणि मूल असं त्यावर रेललं, तर ते सरळ पाण्यातच जाणार."

मी त्या नियमावर किती नोटिसा लिहिल्या असतील, देव जाणे. पण त्या क्षणी मला पहिल्यांदा तो नियम दिसला. एक छोटासा तळवा, फाटकावर टेकलेला. मी त्या गार शेगडीवर बसलो. (म्हणजे तिच्यावर चढता येतं, हे सिद्ध झालं. मर्व्हने तशी नोंदही केली.)

"व्हर्ना," मी आत जाऊन म्हणालो, "मला जमत नाही."

हे वाक्य ती किती वर्षं ऐकायला थांबली होती कोण जाणे. ती एक शब्दही टोचून बोलली नाही. एप्रन काढला, स्पिरोला हाक मारली आणि दोघं कामाला लागली. स्पिरोने मुकाट्याने आपला मांडव मागे घेतला, मात्र ग्रीकमध्ये काहीतरी पुटपुटत. व्हर्नाने बिजागऱ्या काढल्या, फाटक फिरवलं, खटका वर चढवला. संध्याकाळी तिने फाटक पूर्ण उघडून सोडून दिलं आणि ते खाटकन मिटलं. माझ्याकडे स्क्रू धरायचं काम होतं. त्यातले दोन मी हरवले.

मर्व्हने पास केलं. नाताळच्या आदल्या दिवशी टॅमसिन आली. तिने स्वतः फाटक ओढून पाहिलं, हलवून पाहिलं, त्याला लाथही मारली आणि मग माझ्या गळ्यात पडली. "बाबा, तू केलंस हे?"

"आम्ही," मी म्हणालो. व्हर्ना खोकली.

"फक्त एक आहे," टॅमसिन म्हणाली. "मेबलचे कान दुखतायत. परवाच डॉक्टरांनी बजावलंय, ही सुट्टीभर पाण्यात अजिबात पाठवायचं नाही."

मी तलावाकडे पाहिलं. तलावाने माझ्याकडे पाहिलं. आमच्यात आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नाताळच्या दुपारी सगळे व्हरांड्यात कोळंबी सोलत बसले होते. एवढं रामायण झाल्यावर कुणीतरी त्या पाण्यात उतरायलाच हवं, म्हणून मी एकटाच उतरलो. पोट वर करून तरंगत होतो. सुख म्हणावं असं नव्हतं, पण निदान कुणी बोलत नव्हतं. तेवढ्यात चाहूल लागली म्हणून मान वळवली. कुंपणापलीकडे मेबल उभी होती. दोन्ही मुठींत गज घट्ट धरलेले आणि डोळे विस्फारलेले. येताना वाटेत टॅमसिनने तिला प्राणिसंग्रहालय दाखवलं होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"आजी," मेबलने दबक्या आवाजात विचारलं, "हा काय खातो?"

"काहीही खातो गं," व्हर्ना तिकडूनच म्हणाली. "फक्त हात आत घालू नकोस."

मेबलने थोडा विचार केला आणि ताटलीतली एक चेरी गजांमधून नेमकी माझ्या दिशेने फेकली. मी काय करणार? तोंड उघडलं आणि झेलली.

व्हरांड्यातून टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या उन्हाळ्यात माझं एवढंच एक काम पहिल्या फटक्यात नीट झालं.