बाल्कनीत पडलेलं विमान

रविवारी सकाळी साडेअकराला तंत्रज्ञ रंगाच्या दुकानाबाहेर उभा राहून नारिंगीच्या दोन छटा उन्हात धरून बघत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"कुठे आहात?" विमानतळाच्या नियंत्रण कक्षातला अधिकारी धापा टाकत होता. "विमान पडलंय!"

"रंगाच्या दुकानापाशी. कुठलं?"

"तेच तर कळत नाहीये. हवेत तीन आहेत. तिघांनाही विचारलं, तिघंही म्हणतात आम्ही नाही."

"संकटाचा संदेश आलाय का?"

"उपग्रहावरून आलाय. क्रमांक आपल्या पिवळ्या शिकाऊ विमानाचा. पण ते हँगरमध्ये आहे, मी आत्ताच डोळ्यांनी बघून आलो. चाकं काढून ठोकळ्यांवर ठेवलंय. बिनचाकाचं विमान गेलं कुठून आणि पडलं कुठे?"

कुठे, हे तंत्रज्ञाला त्या क्षणी समजलं. त्याच्या हातातली रंगाची डबी कलली आणि बुटावर एक नारिंगी ठिपका पडला.

प्रत्येक विमानात वीतभर लांबीचा एक डबा असतो. विमान आदळलं की तो आपोआप चालू होतो, खटका दाबूनही चालू करता येतो, आणि आकाशातल्या उपग्रहाला हाक मारत राहतो. पिवळ्या विमानातला डबा तंत्रज्ञाने शुक्रवारी काढला, त्यात नवी बॅटरी घातली. सोमवारी निरीक्षक येणार होते. डबे त्यांच्या पसंतीस उतरले, तर वर्कशॉपचं प्रमुखपद त्याला मिळणार होतं. डबा आतून घड्याळासारखा चोख होता, पण वरून खरवडलेला. वर्कशॉपबाहेर डबा न्यायचा नाही, असा नियम. तो नियम कागदावर टाइप करून भिंतीला लावणारा तंत्रज्ञच. तरीही शनिवारी त्याने डबा पिशवीत घालून घरी नेला, पॉलिशपेपरने मनापासून घासला आणि आज सकाळी रंगाचा पहिला हात देऊन बाल्कनीत वाळत ठेवला. घासताना 'हात लावू नये' ही लाल अक्षरंही साफ निघून गेली, हे त्याला आत्ता आठवलं.

"तिथेच थांबा," अधिकारी म्हणाला. "बचाव पथक तुम्हाला घ्यायला निघालंय. ते दिशा शोधायचं यंत्र तुमच्याशिवाय कुणाला चालवता येतंय?"

त्याने बायकोला फोन लावला. ती तिच्या बहिणीशी बोलत होती, म्हणजे अर्धा तास तरी लाइन मोकळी होणार नव्हती.

पाच मिनिटांत जीप आली. मागे अग्निशमन दलाचा बंब, त्यामागे रुग्णवाहिका. पथकप्रमुखांनी त्याच्या हातात अँटेना दिली. यंत्रातून कुँई कुँई असा आवाज यायला लागला.

"कुठे?" प्रमुखांनी विचारलं.

अँटेना डावीकडे ओरडत होती. डावीकडे त्याचं घर होतं.

"उजवीकडे," तंत्रज्ञ म्हणाला.

जीप उजवीकडे वळली. आवाज बारीक झाला.

"अहो, हा कमी होतोय की."

"म्हणजे जवळ आलो."

"मागच्या सरावात तुम्हीच शिकवलंत, जवळ आलं की वाढतो म्हणून."

"ते मोकळ्या माळावर, साहेब. वस्तीत जरा वेगळं असतं."

"आवाजालाही वस्ती कळते?" चालकाने आरशातून विचारलं. प्रमुखांनी त्याला गप्प केलं, पण त्यांची एक भुवई वर गेली ती खाली आली नाही.

मग वायरलेस खरखरला. "हेलिकॉप्टर तयार आहे. दोन डॉक्टर बसलेत. उडवू का?"

प्रमुखांनी तंत्रज्ञाकडे पाहिलं. खोटं बोलून जीप फिरवणं वेगळं आणि माणसं हवेत पाठवणं वेगळं.

"थांबवा त्यांना," तो म्हणाला. "गाडी मागे घ्या. पांढरी इमारत, दुसरा मजला."

"तिथे काय आहे?"

"माझं घर."

प्रमुख घरात शिरले तेव्हा बाल्कनीत सासरे आरामखुर्चीत बसले होते. ते निवृत्त मुख्याध्यापक. चार दिवस मुलीकडे राहायला आले होते. मांडीवर डबा, एरियल ताणून उभी केलेली, दहाही बोटं नारिंगी आणि उजवा कानही.

"बरं झालं आलात, जावईबापू," ते म्हणाले. "बातम्यांची वेळ टळून गेली. अर्धा तास खटपट करतोय. दिवा नुसता उघडझाप करतो, एकही स्टेशन लागत नाही. त्यात रंगही ओला!"

"बाबा, तो रेडिओ नाहीये."

"मग एरियल कशाला लावलीय?"

तंत्रज्ञाने खटका बंद केला. जीपमधली कुँई कुँई थांबली. सासऱ्यांनी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. बंब, रुग्णवाहिका, हेल्मेट घातलेली बारा माणसं.

"ही सगळी यासाठी आली?" ते भारावून म्हणाले. "अहो, मी अजून तक्रारसुद्धा केली नव्हती!"

प्रमुखांनी अहवाल जागच्या जागी लिहिला आणि एक अक्षरही झाकलं नाही.

सोमवारी निरीक्षकांनी तो दोनदा वाचला. घराच्या बाल्कनीतून चार मिनिटांत उपग्रहाला हाक पोचवणारा डबा त्यांनी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. डब्याला त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले. प्रमुखपदाची फाइल मात्र सहा महिन्यांसाठी कपाटात ठेवली.

"डबा पास आणि तुम्ही नापास?" संध्याकाळी सासरे खुर्चीतून उठलेच. "माझ्या शाळेत पोरं पास झाली की मास्तरला शाबासकी मिळायची. असला उलटा न्याय चालू द्यायचा नाही."

आणि ते निरीक्षकांना पत्र लिहायला बसले. बायको म्हणाली, "बाबा, नको, उगाच वाढेल." पत्र तीन पानांचं झालं. तंत्रज्ञाने ते वाचायला मागितलं, फाडून टाकायच्या तयारीनेच. सहा महिन्यांचं वर्ष व्हायला त्यातला पहिला परिच्छेदच पुरेसा होता. तिसऱ्या पानावर मात्र लिहिलं होतं: 'एक बंब, एक रुग्णवाहिका, बारा माणसे, आणि त्या सर्वांना वाट दाखवीत पुढे आमचे जावई.'

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. 'आमचे' हा शब्द सासऱ्यांच्या हस्ताक्षरात तो पहिल्यांदाच पाहत होता.

त्याने पत्राची व्यवस्थित घडी घातली, पाकिटाला तिकीट लावलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं.