गच्चीवरची होडी

तेजसची होडी टेम्पोतून उतरली, तेव्हा विमलाबाई पदर खोचून गच्चीच्या कठड्यापाशी उभ्या होत्या आणि वरूनच हुकूम सोडत होत्या.

"डावीकडून घ्या! हळू, बापा! जिना आहे तो, नदी नाही!"

हडपसरच्या त्या लहानशा, लिफ्ट नसलेल्या इमारतीत ती केशरी, प्लास्टिकची, दोन माणसांची लांबलचक वस्तू भिंतींचा रंग खरवडत कशीबशी गच्चीवर पोचली.

"आई, हिला कयाक म्हणतात," तेजस धापा टाकत म्हणाला.

"म्हणू दे. होडी आहे ती."

तेजस आयटीतला. ऑफिसातल्या माधवबरोबर शनिवारी तो तारकर्लीला निघणार होता. त्या कयाकमधून थेट समुद्रात शिरायचं आणि गळ टाकून मासे धरायचे, अशी ती सुट्टी. यवतमाळकडच्या या घराण्यात आजवर समुद्रात कुणी पायसुद्धा बुडवला नव्हता. म्हणूनच विमलाबाईंनी इमारतीत दारोदार सांगून ठेवलं होतं, "रविवारी कोणी भाजी करू नका. माझा पोरगा सुरमई आणतोय."

तेजसने त्याच संध्याकाळी गच्चीवरून गळ फेकायचा सराव सुरू केला. पहिला गळ हवेत गेला, दुसरा पाण्याच्या टाकीला लागला. तिसरा मात्र खाली कुठेतरी घट्ट बसला आणि तेजसने आनंदाने दोरी गुंडाळत आणली. गळाला खालच्या मजल्यावरच्या यमुनाबाईंची वाळत घातलेली साडी होती. साडीचं दुसरं टोक हातात धरून मागोमाग यमुनाबाईही वर आल्या.

"विमलाबाई, तुमच्या मुलानं माझी साडी पकडलीन!"

"वजनदार होती ना? म्हणजे हात बसला त्याचा."

"अहो, आम्ही मालवणचे. समुद्र म्हणजे काय, ते तुम्हाला काय ठाऊक? या होडीनं मासा आणला ना, तर अख्ख्या इमारतीला मी रांधून घालीन. माझ्या हातानं!"

"मग मसाला वाटायले लागा," विमलाबाई म्हणाल्या आणि गळातून साडी सोडवायला लागल्या. ती थोडी फाटली, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या होडी तपासायला वर गेल्या. तोंडाने कितीही बोलल्या, तरी त्या होडीत बसणारा मुलगा त्यांचा होता आणि त्याला पोहता येतं ते क्लबच्या तलावात, कडेकडेने, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी होडी वरून दाबली, बाजूने ठोकली आणि आत वाकून पाहिलं. होडीच्या तळाला भोकं होती. एक नाही, चांगली सहा-सात. अंगठा आरपार जाईल एवढी. खाली गच्चीची फरशी दिसत होती.

"उत्कर्षा! इकडे ये. हे पाह्य, तुझ्या नवऱ्याले कसं फसवलं ते."

ऑफिसला निघालेली सून डबा हातात घेऊन वर आली. "आई, त्यांना विचारून बघा ना आधी."

"रात्रभर काम करून झोपलाय तो. आन् विचारायचं काय त्यात? भोकाची होडी कोणी घेते काय? पोट्टं भोळं आहे, दुकानदारानं गळ्यात मारली."

त्यांनी धोंडिबा प्लंबरला बोलावलं. धोंडिबाने भोकांत बोट घालून पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"मावशी, ही मुद्दाम पाडल्यासारखी दिसत्यात."

"मुद्दामच पाडली. फसवणारा का चुकून फसवते? टाकीले लावतोस ना ते लाव, भरपूर."

धोंडिबाने टाकीची गळती थांबवायचं मिश्रण कालवलं आणि सगळी भोकं लिंपून टाकली. ते वाळून दगड झालं, तसा विमलाबाईंनी टाकीच्या नळाला पाइप जोडला आणि होडी काठोकाठ भरली. एक थेंब गळला नाही. त्या होडीभोवती फिरून आल्या, समाधानाने. मग पाणी ओतून द्यायला वाकल्या आणि थांबल्या. उद्या गुरुवार. पाणी बंद. भरलेलं भांडं बुधवारी रिकामं करणारी बाई त्या नव्हत्या. त्यांनी वर चादर झाकली.

गुरुवारी पाणी बंद राहिलं. शुक्रवारी यायला हवं होतं, तर रस्ता खणताना कुणीतरी मोठा पाइप फोडला. टाकी खडखडीत झाली. टँकरवाला उद्याशिवाय जमणार नाही म्हणाला. आणि कुणीतरी चादर उचलून पाहिली.

दुपारी तेजस ऑफिसातून सुटून आला, तेव्हा जिन्यात रांग होती. हातात बादल्या, कळश्या, एकाकडे तर कुकर. गच्चीवर विमलाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"घरटी एक बादली! साबणाचे हात घालायचे नाहीत! या यमुनाबाई, या. मालवणात लय पाणी असते म्हणे."

यमुनाबाईंनी मान खाली घालून बादली पुढे केली.

"आई, ते पाणी आपल्या सगळ्यांच्याच टाकीतलं ना?" उत्कर्षाने हळूच विचारलं.

"हो. पण राखलं कोणी?"

तेजस होडीपाशी गुडघ्यावर बसला होता. "आई! ही भोकं कुणी बुजवली?"

"मी. आता बोल."

"अगं, ती लागतात! लाट आली की पाणी आत येतं, ते त्या भोकांतून खाली निघून जातं."

"मग आधी आत येऊच कशाले द्यायचं?"

"समुद्र आहे तो, आई! आता आत आलेलं पाणी आतच राहणार. होडी जड होणार, कलंडणार."

विमलाबाई खुर्चीवरून उठल्या. हातातला तांब्या तसाच राहिला. "म्हणजे भोकं होती तर तू तरला असता. आन् मी बुजवली म्हणून..."

"हो."

तेजसने पेचकसाने एक भोक खरवडून पाहिलं. पेचकसाचं टोक वाकलं. धोंडिबाचं काम पक्कं होतं.

"पाणी तरी काढू या," तो म्हणाला, तशी सगळी रांग एकदम पुढे सरकली.

"खबरदार! टँकर येईपर्यंत होडी हलणार नाही," यमुनाबाईच कडाडल्या.

तेजस बाजूला गेला आणि माधवला फोन लावला. "नाही रे, कॅन्सल. बोट सोसायटीने जप्त केलीये... हो ना, फार वाईट वाटतंय." बोलताना त्याच्या चेहऱ्यावर शाळेला सुट्टी मिळालेल्या पोराचं तेज होतं. विमलाबाईंनी ते पाहिलं आणि हातातला तांब्या शांतपणे होडीत बुडवला.

"चला, पुढची बादली!"

शनिवारी टँकर आला. रविवारी सकाळी यमुनाबाई बाजारात जाऊन आल्या आणि दुपारी इमारतीच्या जिन्याला सुरमईच्या कालवणाचा वास सुटला. गच्चीवर सतरंज्या पडल्या, पंगत बसली. बायका म्हणत होत्या, विमलाबाईंमुळं दोन दिवस निभावले. यमुनाबाई भात वाढत विमलाबाईंपाशी आल्या.

"पाण्याचे उपकार ठेवायचे नव्हते, म्हणून केलंय हो. नाहीतर तुमच्या होडीनं कुठं आणलान मासा?"

विमलाबाईंनी ताटातल्या तुकडीकडे पाहिलं. मग पलीकडे बसलेल्या, दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्या आपल्या कोरड्या, धडधाकट मुलाकडे.

"होडीनंच तर आणला," त्या म्हणाल्या. "मधात समुद्र नाही लागला, एवढंच. आणा, रस्सा वाढा."