गुलाबी मुठीची गाडी

डॉक्टरीणबाईंना जिना उतरता येत नव्हता आणि घराच्या तळमजल्यावर जी एकुलती एक खोली होती तिच्यात गाडी राहत होती. प्रकरणाचं मूळ एवढंच आहे. पुढे त्याला जे फाटे फुटले ते शहाण्या माणसांनी फोडले.

ही खोली म्हणजे दाताच्या डॉक्टरांचा जुना दवाखाना. दाढा उपटायचं बंद केलं तेव्हा डॉक्टरांनी रोग्याची खुर्ची विकली, रस्त्याकडची भिंत पाडून रुंद दार बसवलं आणि आपली गाडी आत घेतली. खोलीत बेसिन होतं, नळाला पाणी होतं, मागे स्वच्छ बाथरूम होतं. नंतर बाईंचं खुब्याचं हाड मोडलं, जुळलं, पण जिन्याशी काही जुळवून घेईना. तेव्हापासून बाई वरच्या मजल्यावर आणि गाडी खाली.

"त्या गाडीला खाली बाथरूम आहे," बाई म्हणायच्या. "तिला लागत नाही आणि मला मिळत नाही."

"गिऱ्हाईक बघतोय ना," डॉक्टर म्हणायचे.

"गिऱ्हाईक मिळेपर्यंत उभी करा की रस्त्यावर. इतकी वर्षं तिथेच होती."

यावर डॉक्टरांचा भाचा घाईघाईने मध्ये पडायचा. तो जुन्या दुर्मीळ वस्तूंचे लिलाव करणाऱ्या कंपनीत होता आणि गाडीकडे सासरा जसा होतकरू जावयाकडे बघतो तसा बघायचा. "मामी, अहो काय बोलताय. इटलीची गाडी आहे ती. इंजिन एका कारखान्याचं आणि अंग दुसऱ्या कारागिराने घडवलेलं. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लाकडाच्या साच्यावर हातोडीने ठोकून ठोकून. अशा मोजक्याच झाल्या, मग त्या उस्तादाचं दुकानच बुडालं. अशी वस्तू रस्त्यावर? कुणी किल्लीचा ओरखडा काढला म्हणजे?"

गाडी सुंदर होती हे कबूल करायला हवं. दोनच दारं, दोनच माणसांची जागा, आणि पाठ अशी उतरती की पावसाचा थेंबसुद्धा तिच्यावरून घाई न करता ओघळावा. डॉक्टरांनी ती तरुणपणी देश सोडून चाललेल्या एका गृहस्थाकडून घेतली होती. तेव्हा ती दुर्मीळ नव्हती, फक्त जुनी होती. जुनी वस्तू दुर्मीळ कधी होते? बाकीच्यांनी आपापल्या फेकून दिल्या की. यात गाडीचं कर्तृत्व काही नसतं.

भाच्याने एक दिवस तज्ज्ञांना आणलं. तज्ज्ञांनी पांढरे हातमोजे घातले, गाडीभोवती हळूहळू फिरले, सीटचा वास घेतला आणि डोळे मिटले. डोळे उघडले ते गियरच्या मुठीवर.

मूठ गुलाबी होती. हिरड्यांसारखी गुलाबी. वरच्या बाजूला एक छोटा खळगा होता.

"ही मूठ," तज्ज्ञ कुजबुजले.

"ती मी केली," डॉक्टर म्हणाले. "मूळची लाकडाची होती, तडकली. कवळीचा मसाला उरला होता, त्याचीच ओतली. खळगा हिच्या अंगठ्याचा आहे. ओली असतानाच हिने दाबून बघितली. गाडी हीच जास्त चालवायची."

आपल्याला नेमकं काय झालंय हे स्वतःच सांगणाऱ्या रोग्यांकडे बघून डॉक्टर आयुष्यभर जसे हसत आले होते, तसेच तज्ज्ञ त्यांच्याकडे बघून हसले.

"मालकाची आठवण आम्ही पुरावा म्हणून स्वीकारत नाही," ते म्हणाले. "मालक भावुक असतो. उस्तादांनी शेवटच्या काळात एक गुलाबी पदार्थ वापरून बघितला असावा, असा माझा फार दिवसांचा कयास होता. आणि हा खळगा म्हणजे त्यांची सही. स्वतःच्या अंगठ्याने केलेली."

"अहो, हिचा अंगठा."

भाच्याने मामांची बाही ओढली. "मामा, गप्प बसा ना. भाव चढतोय."

डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर रिकामी खोली आली. बेसिनशेजारी पलंग, दारातून दिसणारा रस्ता, आणि बाई. जन्मभर लोकांना तोंड उघडायला सांगणाऱ्या माणसाने तोंड मिटून घेतलं.

महिनाभरात अस्सलता निश्चिती समितीची बैठक झाली. ही समिती संग्राहकांनी संग्राहकांसाठी स्थापन केलेली असून, संग्राहकांच्या गाड्या अस्सल आहेत असं संग्राहकांना प्रमाणित करून देणं हे तिचं कार्य आहे. तज्ज्ञांचा निबंध वाचला गेला. उपस्थितांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ठराव झाला, की सदर उस्तादांच्या ज्या गाडीस गुलाबी मूठ व तीवर अंगठ्याचा खळगा नसेल, ती गाडी अस्सल समजण्यात येऊ नये.

ठराव मंजूर झाल्यावर उपस्थितांच्या लक्षात आलं, की तशी मूठ त्यांच्यापैकी कुणाकडेच नाही.

पुढच्या काही आठवड्यांत मात्र एकेकाकडे ती सापडू लागली. कुणाला माळ्यावर सापडली, कुणाला जुन्या टूलबॉक्समध्ये, एकाला तर दिवंगत वडिलांच्या कोटाच्या खिशात. त्याच सुमारास कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्याने रात्रपाळी सुरू केली, पण त्याचा इथे संबंध जोडण्याचं कारण नाही. संग्राहक सभ्य लोक असतात. ते खोटं बोलत नाहीत, फक्त दाखला मिळवतात.

"तुमच्यामुळे बाजार तेजीत आलाय मामा," भाचा म्हणाला. "लिलावात तुमची गाडी शेवटी, सगळ्यात वर. फक्त एकदा समितीची तपासणी होऊ दे. नुसता उपचार."

तपासणीला समिती आली ती बाकीच्या मुठींसकट. मखमलीवर सगळ्या मुठी ओळीने मांडल्या. मधोमध डॉक्टरांची. तज्ज्ञांनी भिंग लावलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"या सगळ्या मुठींवरचा खळगा तंतोतंत एक आहे," ते म्हणाले. "केसाचाही फरक नाही. म्हणजे एकाच उस्तादाचा एकच अंगठा. डॉक्टर, तुमची तेवढी वेगळी आहे."

"वेगळी असणारच. त्या सगळ्या एका साच्यातल्या आहेत. कवळीवाल्याच्या. मला कळतं ना, मी हेच काम केलं जन्मभर."

"म्हणजे आपल्याला कवळीचा मसाला हाताळता येतो," समितीतला एक सदस्य म्हणाला. त्याने दुसऱ्याकडे बघितलं. दुसऱ्याने हातमोजे काढले.

"पहिल्या दिवशीच सांगितलं मी. ही मी केली म्हणून."

"आणि तरी आमच्यापासून लपवलंत," तज्ज्ञ दुखावल्या आवाजात म्हणाले.

डॉक्टर जिन्याकडे वळले. ते म्हणाले, "वर चला. अंगठा वर आहे."

समिती जिना चढली. पुढे मखमलीवर मूठ, मागे भिंग, त्यामागे भाचा, घाम पुसत. बाई खिडकीशी शेंगा सोलत बसल्या होत्या. डॉक्टरांनी मूठ त्यांच्या हातात दिली. बाईंनी न बघता अंगठा टेकवला. तो खळग्यात असा बसला, जणू सकाळीच तिथून उठून गेला होता.

"बसला," डॉक्टर म्हणाले. "बघा."

समितीने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बाजूला जाऊन विचारविनिमय केला.

"अंगठा बसतो हे समिती मान्य करते," तज्ज्ञ परत येऊन म्हणाले. "यावरून असं दिसतं, की बाईंनी वर्षानुवर्षं ही मूठ वापरून झिजवली. गाडी बनावट तर आहेच, शिवाय तिची हेळसांडही झाली आहे."

"एक काय ते ठरवा," बाई म्हणाल्या. "बनावट असेल तर मी हेळसांड केली कशाची? तुमच्या उस्तादांची, की आमच्या ह्यांची?"

हा मुद्दा समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हता.

भाच्याने हात जोडले. मूठ बदलून आणतो म्हणाला, कारखाना ओळखीचा आहे म्हणाला, आणि जीभ चावली. समितीने त्याच्याकडे कनवाळूपणे दुर्लक्ष केलं. एकदा बनावट ठरलेली गाडी पुन्हा अस्सल ठरवली तर लोकांचा अस्सलपणावरचा विश्वास उडेल, असं तज्ज्ञांनी समजावून सांगितलं. मग समितीचे लोक जिना उतरले. उतरताना त्यांना काहीच त्रास झाला नाही.

भाचा वरच्या पायरीवरच बसला. "संपलं सगळं मामी. भंगाराच्या भावानेसुद्धा कुणी घेणार नाही. बनावट म्हटल्यावर भंगारवालाही नाक मुरडतो."

"म्हणजे आता तिला काहीच किंमत नाही?"

"काडीची नाही."

"नक्की ना?"

"समितीने लिहून दिलंय."

बाईंनी शेंगांची टोपली बाजूला ठेवली. "मग आता तिला रस्त्यावर उभी करायला कुणाची हरकत?"

डॉक्टर बायकोकडे बघत राहिले. त्यांनी भाच्याकडे बघितलं. भाचाही हरकत शोधत होता. दोघांनी मिळून शोधली, पण सापडली नाही.

डॉक्टरांनी मूठ परत बसवली आणि गाडी बाहेर काढली. पहिल्याच किल्लीला ती सुरू झाली. ती बनावट आहे हे तिला अजून कुणी कळवलं नव्हतं. खोली पुसली, पलंग बेसिनशेजारी आला. भाच्याने आणि शेजाऱ्याने बाईंना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. भाच्याने अर्ध्या जिन्यात लिलाव बुडाल्याचं दुःख पुन्हा काढलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "रडायचं तर खाली पोचून रड. आत्ता माझ्या खुर्चीकडे लक्ष दे."

आता संध्याकाळी बाई गाडी चालवतात आणि डॉक्टर शेजारी बसतात. गियर टाकताना अंगठा बसायचा तिथे बसतो.

गाडी दारातच उभी असते. पूर्वी गल्लीतली माणसं पाहुण्यांना घेऊन यायची, काचेला नाक लावून आत बघायची आणि देवळात बोलतात तशी हळू बोलायची. आता तीच माणसं तिच्या बॉनेटवर भाजीची पिशवी ठेवून गप्पा मारतात. "दिसते खरी," एक जण परवा म्हणाला, "पण तशी काय, डुप्लिकेट." गाडीचा एक स्क्रू इकडचा तिकडे झालेला नाही.

तुम्हीही मघाशी इटलीचं आणि हातोडीने घडवल्याचं ऐकलंत तेव्हा नीट सावरून उभे राहिला होतात. आता बिनधास्त तिला टेकलात. ठीक आहे, राग नाही. फक्त जरा सरका, बाईंना दार उघडायचंय.